मैना मागनं येते

मैना टेम्पोत चढेना. गोठ्यासमोरच्या उंचवट्याला टेम्पोचं फळकं टेकवून ठेवलं होतं, चार पावलं टाकली की म्हैस आत. पण तिनं पुढचे पाय मातीत रोवले होते. व्यापाऱ्याच्या माणसानं शेपूट पिळलं, तरी जागची हलली नाही.

दोन वर्षं तिनं गाभ धरला नव्हता. भाकड म्हशी टेम्पोत घालून कुठं नेतात, हे काही कुणाला सांगावं लागत नाही.

त्या माणसानं काठी उचलली.

"मारू नगासा," आकाराम म्हणाला.

"मग चढवायची कशी, पावणं?" व्यापारी वैतागला होता. "पाडव्याला तुमच्या गाडीमागं पळती म्हणं ही. गाडी घाला की आत. येईल मागनं."

खोटं नव्हतं ते. दिवाळीच्या पाडव्याला शिंगं रंगवून, मोरपिसं लावून सगळे गवळी आपापल्या मोटरसायकलीमागं म्हशी पळवायचे. त्या कल्लोळात मैना आकारामच्याच गाडीचा आवाज धरून पळायची. ना दोर, ना काठी; गाडी बंद झाली की आकारामच्या हातची पेंड, एवढंच. लोक शिट्ट्या मारायचे आणि हा पठ्ठ्या मागं वळूनही बघायचा नाही. ती मागं आहेच, हे बघायचं काय?

आकाराम गाडीवर बसला. बायको गोठ्याच्या दारात उभी होती. तिला तो हळूच म्हणाला, "ताना, आज न्हाय आली, तर ठिवून घ्यायची. काय व्हईल ते व्हईल."

"कवा आली न्हाय?"

"आजपतोर आली म्हणून आजबी येईल, असं कुठं हाय?"

तानाबाईनं डोळ्याला पदर लावला. "तुमीच शिकिवलंय की तिला."

त्यानं किक मारली. एरवी तो "मैनाऽ" अशी हाक द्यायचा, आज दिली नाही. गाडी फळक्यावरून टेम्पोत घातली, पार पुढच्या कठड्यापर्यंत नेली आणि जन्मात पहिल्यांदा मागं वळून बघितलं. मैनानं मान वर केली होती. तिचे कान हलले. नको येऊस, बाई, तो मनात म्हणाला. एवढ्या बारीला नको येऊस.

टेम्पोची जमीन हादरली. मैना धावतच आत आली आणि मागच्या चाकाला नाक लावून उभी राहिली.

"गाडी बंद करू नका," व्यापारी ओरडला. "बांधून होईस्तोवर असूदे चालू. गप उभारतीया."

दोघांनी मिळून तिला दोन्ही बाजूंनी आवळली. गाडीच्या आवाजात ती कधीच बिथरत नसे.

"झालं. करा आता बंद."

आकारामनं गाडी बंद केली नाही. आवाज थांबला की ती पेंडीसाठी त्याच्याकडं मान पुढं करणार होती. यात ती आजवर एकदाही चुकली नव्हती.