गावोगावची तानुकी

"हे काय आणलंत?" शिगेमासाने वाडग्यात चॉपस्टिक खुपसून विचारलं.

"तानुकी," ओसाकाची दुकानदारीण म्हणाली. "तुम्हीच मागितलीत ना?"

"तानुकी म्हणजे वर तळणीचा कुरकुरीत चुरा घातलेल्या नूडल्स. हा तर टोफू आहे!"

"चुरा तुमच्या टोकियोत, आजोबा. तानुकी हा मुळात सोंगाड्या प्राणी. गाव बदललं की सोंग बदलतो."

शेजारच्या बाकावरची माणसं हसली. त्याच्या बायकोने, फुमिएने, मान खाली घातली. ओसाकात ऑक्टोपसच्या गोळ्यांनी त्याची जीभ भाजली होती, किल्ल्यावर वारा फार होता, काल कोबेमध्ये मांसाचा तुकडा नखाएवढा होता. आणि आता ही तानुकी.

तिला खरं तर शब्द ठाऊक होता. चुऱ्याच्या नूडल्सना इकडे 'हायकारा' म्हणतात. एवढं सांगितलं असतं तर भांडण मिटलं असतं. पण मग त्याने विचारलं असतं, तुला कसं ठाऊक? तो शब्द तिला चिहारूने शिकवला होता.

चिहारू त्यांची एकुलती एक मुलगी. सात वर्षांपूर्वी तिने बँकेतली नोकरी सोडली आणि क्योतोतल्या एका नूडल्सवाल्याशी लग्न केलं. "ह्या घरात आता तिचं नाव निघायचं नाही," शिगेमासा म्हणाला, आणि खरंच निघालं नाही. तेव्हापासून दर हिवाळ्यात फुमिए 'कात्सुएताईकडे सेंदाईला जाते' म्हणून निघायची आणि उलट्या दिशेच्या, क्योतोच्या गाडीत बसायची.

ह्या सहलीत तिला एकच गोष्ट हवी होती. नवऱ्याने एकदा, एकदाच, लेकीच्या हातचं खावं. चिहारूला तिने कळवलं नव्हतं. पोरीला आशा लावून तोंडघशी कशाला पाडायचं?

"उद्या क्योतो," दुकानाबाहेर पडल्यावर ती म्हणाली.

"क्योतो कशाला? तिथली थंडी तळपायातून वर चढते. सरळ घरी जाऊ."

"शाळेच्या सहलीनंतर गेला नाहीत ना तुम्ही? तेव्हाची थंडी अजून लक्षात आहे?"

"थंडी कोणी विसरतं का?"

"अहो, दर महिन्याच्या पहिल्या गुरुवारी मित्रांबरोबर गळ टाकायला जाता. दिवसभर समुद्रावर गारठता, रात्री रिकामी टोपली घेऊन येता. तेव्हा नाही का थंडी वाजत?"

"मासे लागत नाहीत, तो माझा दोष?"

"चार वर्षांत एकही? मासेसुद्धा तुमच्या तोंडाकडे बघून पळत असतील."

तो गुरगुरला, पण दुसऱ्या दिवशी आला.

क्योतोत बर्फ भुरभुरत होता. सोनेरी मंदिर पाहून तो म्हणाला, "लांबून पत्र्यासारखंच दिसतं." चहा कडू होता, मिठाई फार गोड होती. फुमिएने पुढच्या बसची वेळ पाहिली. आज भांडायचं नव्हतं.

बस आली. आपण इथे नवख्या आहोत हे दाखवायला ती मुद्दाम पुढच्या दाराशी उभी राहिली, टोकियोत राहतात तशी.

"अगं, तिकडून नाही, मागून चढायचं!" तो मागच्या दारातून ओरडला. सगळ्यांसमोर. ती कानकोंडी होऊन मागे गेली. बाकीचे कुठून चढतात ते पाहून शहाणपणा शिकवतोय, तिला वाटलं.

निशिजिनच्या गल्लीत ते उतरले तेव्हा दुपार झाली होती. कोपऱ्यावर निळा पडदा लावलेलं छोटं दुकान होतं. दाराशी मातीची तानुकी, डोक्यावर बर्फाची टोपी.

"इथेच खाऊ," फुमिए शक्य तितक्या सहज म्हणाली.

शिगेमासा थबकला. "इथे नको. पुढे चांगली दुकानं असतील."

"हे काय वाईट आहे?"

"अगं, तीच ती तानुकी! परत भलतंच काहीतरी देतील. चल, स्टेशनवर जाऊन खाऊ. गाडीही लवकरची मिळेल."

तो वळलासुद्धा. फुमिएला पुढचा हिवाळा दिसला, आणि त्याच्या पुढचा. सेंदाईची खोटी गाडी. लेकीने चौकशी केली की द्यायचं ते मोघम उत्तर, 'बरे आहेत तुझे बाबा'.

"शिगेमासा!"

लग्नाला चाळीस वर्षं झाली, पण तिने त्याला असं नावाने कधी पुकारलं नव्हतं. तो जागच्या जागी थांबला.

"तीन दिवस तुम्ही म्हणाल ते ऐकलं. तुमची जीभ, तुमचे गुडघे, तुमचा वारा. आता मी एक पाऊलही पुढे टाकणार नाही. इथे जेवायचं, नाहीतर तुम्ही एकटे टोकियोला जा. मी येणार नाही."

तिचा आवाज फाटला होता. त्याने तिच्याकडे पाहिलं, मग पडद्याकडे.

"फार हट्टी आहेस," तो हळूच म्हणाला आणि पडदा उचलला.

त्या दाराची चौकट बुटकी होती. पहिल्यांदा येणाऱ्याचं कपाळ हमखास आपटायचं. फुमिएचंही आपटलं होतं. 'सांभाळा' म्हणायला तिने तोंड उघडलं, पण तो आधीच वाकून आत गेला होता.

आत वाफ आणि उकळत्या रश्श्याचा वास होता. स्वयंपाकघराच्या पडद्यामागे भांडी वाजत होती. ती चिहारूच. तिचा आवाज ऐकून शिगेमासा उठून गेला तर? फुमिए खांबाआडच्या जागेवर बसली.

वाढणाऱ्या बाईंनी चहा ठेवला. "काय देऊ?"

आता तानुकी मागणार, फुमिएने डोळे मिटले. आता पुन्हा तमाशा.

भिंतीवरच्या पदार्थांच्या पाट्यांकडे न बघताच शिगेमासा म्हणाला, "एक हायकारा. कांद्याची पात जरा जास्त."

भांडी वाजायची थांबली. पडदा सरला आणि पिठाच्या हातांनी चिहारू बाहेर डोकावली. खांबाआडची आई तिला दिसली नाही.

"बाबा! आज कसे? आज काही पहिला गुरुवार नाही."