तांबूचं झोपणं

हल्ली निफाडच्या विहिरी दिवाळीत गोठायच्या, त्या थेट गुढीपाडव्याला मोकळ्या व्हायच्या. तोवर चारा कुठला? म्हणून वसुबारसेला गाईंना ओवाळून झालं की डॉक्टर येऊन झोपेची सुई टोचायचे आणि गोठ्यात गाईमागे मिनिटाला एक श्वास उरायचा. चांगुणा आणि तिचा नवरा किसन रोज सकाळी पाचही गाईंची कूस बदलायचे, म्हणजे अंगाला जखमा होत नाहीत, आणि वरून गोणपाटाची झूल सारखी करायचे.

त्या सकाळी तांबूला वळवताना चांगुणाच्या तळहातावर आतून लाथ बसली.

"अहो, वासरू जागं आहे."

किसनचा चेहरा उतरला. "गाभण गाईला सुई देत नाहीत, म्हणून तर आपण डॉक्टरांपासून लपवलं. जागी राहिली असती तर गारठून मेली असती."

"मग आता उठवायची का?"

"उठवून खायला काय घालशील? बर्फ?"

तो पुढच्या गाईकडे वळला. चांगुणानं तांबूच्या पोटाला कान लावला. आत नुसती धडपड चालली होती. तिला काही सुचेना, तेव्हा ती आपल्या पोरांना म्हणायची तीच अंगाई गुणगुणू लागली. धडपड थांबली.

चांगुणा हलकेच उठली. झोपलेल्या तांबूची कातडी आतून उचलली गेली, एकदा, मग पुन्हा, बरोबर तिचा हात होता तिथं.

चांगुणा खाली बसली आणि अंगाई पहिल्यापासून म्हणू लागली.

पाडव्याला अजून ऐंशी दिवस होते.