छातीतलं माळवद

"आता सांगतो ते तुम्हाला पटणार न्हाई. डॉक्टरलाबी पटलं न्हाई, म्हणून तर त्यानं फोटू दोनदा काढला," असं म्हणत शेषेराव भाकरीची टोपली घेऊन मुलींच्या पंगतीत शिरले.

दुपारचा एक वाजला होता. लातुरात क्लासच्या गल्लीमागे शेषेराव आणि चतुराबाई या नवरा-बायकोची खानावळ. भिंतीला पाठ लावून चौदा मुली बसलेल्या, उजव्या हातात घास, डाव्या हातात नोट्स. नीटच्या परीक्षेला एकोणीस दिवस उरले होते. कुणी मान वर केली नाही. शेषेरावांना त्याचं काही नव्हतं. ते भाकरी वाढत गेले आणि सांगत गेले.

त्र्याण्णवच्या भूकंपाच्या पहाटे ते किल्लारीच्या अलीकडे साडूच्या घरी मुक्कामाला होते. जाग आली, जांभई द्यायला त्यांनी तोंड उघडलं आणि नेमकं तेव्हाच वरचं माळवद खाली आलं. दगड इकडे पडले, लाकडं तिकडे. माती मात्र सगळी, मोजून चार बैलगाड्या, तोंडात. उठून बघतात तर घराच्या जागी नुसतं आभाळ, आणि घर यांच्या छातीत. पंचवीस-सव्वीस वर्षं ती धूळ आत गपगुमान बसली होती. यंदा ऊन वाढलं तशी उठली.

"डॉक्टर म्हणला, काका, तुमच्या छातीत तीन खणांचं माळवद हाय. मधल्या खणात चिमणीचं घरटं. म्हणलं, चिमणी हाय का आत? म्हणला, दिसत न्हाई, चारा आणायला गेली असंल."

एक मुलगी हसली आणि नोट्सचं पान उलटलं.

शेषेरावांना खोकला आला. त्यांनी तोंड उपरण्यात घातलं. बराच वेळ तसेच उभे राहिले. मग उपरण्याकडे एकदा पाहिलं, तेवढा भाग आत दुमडला आणि उपरणं खांद्यावर टाकलं. "एक खण पडला आज," ते म्हणाले. चुलीपाशी बसलेली चतुराबाई म्हणाली, पाणी प्या. ती रोज तेवढंच म्हणायची.

डॉक्टरनं फोटो काढलाच नव्हता. तीन आठवड्यांपूर्वी सरकारी दवाखान्यात त्यानं छातीला नळी लावली, आणि माळवदाची गोष्ट अर्ध्यात तोडून सांगितलं की हा टीबी असू शकतो. पांढरी, घट्ट झाकणाची एक डबी हातात दिली. उद्या सकाळचा पहिला बेडका यात घेऊन या. तोवर मुलींना वाढू नका, त्यांच्यात बसू नका, घरात सांगा.

शेषेरावांनी डबी फळीवर ठेवली. दुसऱ्या दिवशी तोंड धुवायच्या आधी ती उचलली तर आत काहीतरी खुळखुळलं. चतुराबाईनं तिच्यात बडीशेप भरली होती. कुठून आणली म्हणून तिनं विचारलं, झाकण लई घट्ट बसतंय म्हणाली, खूश होती. तिला वाचता येत नव्हतं. डबीवरची नावाची पट्टी तिला दुकानातलीच वाटली.

तेव्हा सांगता आलं असतं. शेषेराव "चांगली हाय" म्हणाले आणि चूळ भरायला गेले. मागच्या साली पलीकडच्या खानावळीत एका मुलीला कावीळ झाली होती. संध्याकाळच्या एसटीनं सगळ्यांचे बाप येऊन उभे राहिले. तिसऱ्या दिवशी तिथे कुलूप होतं. ते कुलूप अजून तसंच आहे. शेषेराव भाजी आणायला त्याच्यावरूनच जातात.

तेव्हापासून ती डबी रोज दोन्ही वेळा जेवण झालं की पंगतीत फिरते.

आजही फिरू लागली. पहिल्या मुलीनं चिमूटभर घेतली, दुसरीनं घेतली. नोट्समधून नजर न काढता पुढे सरकवली. दाराजवळ मुखेडची अलीझा बसली होती. तिच्या ताटात अर्धी भाकरी तशीच होती. आठ दिवस झाले, ती अर्धीच खायची. तिच्या शेजारी भोकरची ऋतुजा. दोघी एकाच खोलीत राहायच्या, खाटेला खाट लागून.

अलीझा खोकली. ओढणी तोंडावर धरली आणि परत खोकली. खोल, कोरडा, लांबणारा खोकला. खानावळीतल्या सगळ्यांना तो ओळखीचा होता.

शेषेराव टोपली घेऊन तिथेच थांबले. चतुराबाईनं तिकडूनच पाणी प्या म्हटलं आणि मग वळून पाहिलं, कोण खोकलं ते.

"काय माय," शेषेराव म्हणाले, "तूबी जांभई दिली व्हतीस व्हय, भूकंपात?"

यावर मात्र तीन-चार जणी हसल्या. अलीझाही ओढणीआड हसली.

डबी ऋतुजाच्या हातात आली होती. झाकण उघडायला तिनं ती फिरवली आणि तिचा अंगठा पट्टीवर थांबला. नोट्स वाचायची तिची सवय होती, तशी तिनं पट्टी वाचली. शेषेरावांचं नाव, दवाखान्याची तारीख, खाली एक शब्द: थुंकी. पुन्हा पहिल्यापासून वाचली. बडीशेप घेतली नाही. डबी ताटाशेजारी जमिनीवर ठेवली, पट्टी शेषेरावांकडे करून.

"आजोबा," ती म्हणाली, "अलीझाचा जन्म दोन हजार दोनचा."