भरलेला डबा

एकनाथला हरवायचं म्हणूनच भानुदासने सहा वर्षांनी अमेरिकेतल्या चँडलर शहरातल्या आपल्या गॅरेजमध्ये रायफलची काडतुसं पुन्हा हाताने भरायला घेतली. पूर्वी दोघे जोडीने नेमबाजीला जायचे. एकनाथच्या आजारपणात भानुदासच्या बायकोने स्टीलच्या डब्यातून जेवण पाठवलं. आदल्याच आठवड्यात एकनाथने त्यांच्याकडे बाबासाहेबांचा फोटो पाहिला होता. डबा भरलेलाच परत देत तो म्हणाला, “गैरसमज नको, आमच्याकडे दुसऱ्याच्या हातचं चालत नाही.” पिझ्झावाल्याचं आडनाव मात्र त्याने कधी विचारलं नव्हतं. भानुदासने छंदच सोडला. आज स्पर्धेत त्याच्या पाचही गोळ्या नाण्याएवढ्या जागेत बसल्या, एकनाथच्या विकतच्या भरकटल्या. शेवटच्या फेरीआधी एकनाथ म्हणाला, “पाच काडतुसं दे ना यार.” भानुदासने तोच डबा उघडला, चकचकीत काडतुसं दाखवली आणि झाकण लावलं. “नियम विसरलास? हाताने भरलेलं काडतूस ज्याचं त्यानेच वापरायचं. दुसऱ्याच्या हातचं चालत नाही.”