सावली लांब होईपर्यंत

भाचीने चंदेरी रंगाच्या डब्याचं झाकण ठोकून घट्ट बसवलं, डबा जिन्याच्या खोलीत ओढला आणि त्यावर बसली.

"आता काय?" मामांनी विचारलं. ते गोदामाच्या सपाट छतावर रोलर घेऊन उभे होते. अर्धं छत चकाकत होतं, अर्धं अजून डांबराचं काळं होतं.

"आता सुट्टी. ऊन उतरलं की पुढचं."

"कसलं ऊन? ढग आलेत, दिसत नाही?"

"विरळ आहेत. अतिनील किरण त्यांना जुमानत नाहीत. सकाळीच फोनवर बघितलं, त्यांचा आजचा आकडा नऊ. एवढा असला की भर दुपारी बाहेर थांबायचं नाही."

"आमच्या वेळी नऊ फक्त घड्याळात वाजायचे."

ती हसली नाही.

"संध्याकाळी मालक काम बघायला येणार," मामा म्हणाले. "टोपी आहे माझ्या डोक्यावर. आणि हे केस काही उन्हात पांढरे झालेले नाहीत."

"केस नाही. कान गेला उन्हात."

मामांचा हात उजव्या कानाच्या पट्टीकडे गेला. मागच्याच आठवड्यात डॉक्टरांनी तिथला डाग कापून काढला होता, आणि डागाबरोबर कानाचा काठही.

"टोपी वरचं ऊन अडवते," ती म्हणाली. "हा रंग खालून परत फेकतो, त्याला काय घालणार? हनुवटीखाली हात लावून बघा."

मामांनी लावला नाही. सकाळी दाढी करताना तिथेच चरचरलं होतं. ते त्यांनी घरात कुणाला सांगितलं नव्हतं.

"ऊठ. नाहीतर उद्यापासून कामावर येऊ नकोस."

"उद्याचं उद्या. आज डबा माझ्याखाली आहे."

"तुझ्या आईला सांगतो."

"सांगा की. तिनेच बजावलंय, दादाला सावलीत आण, नाहीतर तूही घरी येऊ नकोस."

मामांनी डबा पायाने ढकलून पाहिला. आत उरलेल्या अर्ध्या छताचा रंग, वर धडधाकट भाची. तसूभर हलला नाही.

"कधी उठणार आहेस?"

"तुमची सावली तुमच्याएवढी लांब झाली की."

मामा धुसफुसत आत आले. पायरीवर बसले, पाणी प्यायले. तिने पुढे केलेली, ऊन अडवणाऱ्या मलमाची ट्यूब त्यांनी घेतली नाही. मग थोड्या वेळाने घेतली, मानेला फासली, हनुवटीखालीही फासली आणि उठून बाहेर गेले.

ढग पांगले होते. काळ्या डांबरावर त्यांची सावली पडली होती, आखूड, जेमतेम त्यांच्या कमरेइतकी.

मामांनी मागे वळून पाहिलं. भाची फोनमध्ये डोकं घालून बसली होती. त्यांनी हळूच रोलरचा लांब दांडा डोक्यावर उंच धरला. सावली सरसर पुढे गेली.

"दांडा खाली," आतून आवाज आला.