उभी ओळ

सगळं शेत आडवं. एक ओळ उभी.

मका-संशोधन केंद्राचे साहेब त्या ओळीसमोर मटकन बसले. मावळातल्या या ओलीत ते दरसाल मका पेरायचे. तुरा आला की बायांकडून एकेक खोड आरीनं टोचून घ्यायचे आणि भोकात खोडकुजीची बुरशी लावलेली काडी खुपसायला लावायचे. एवढं सोसून जे उभं राहील, त्याचं बी धरायचं. दरसाल सगळंच झोपायचं. यंदा पुण्याच्या कचेरीतून शेवटची तंबी आली होती: वाण निघाला नाही, तर काम बंद.

त्यांनी खिशातली सुरी उघडली. आता एक खोड चिरायचं. आत काडीभोवती कूज कितपत पसरली, ते बघायचं.

बायांतल्या चिंगीनं पोटावर पदर ओढला. ही ओळ टोचायला तिच्या वाट्याची होती.

टोचणीच्या दिवशी ग्रहण लागलेलं. तिला तिसरा महिना. गर्भारशीनं ग्रहणात काही टोचलं-कापलं, तर पोर फाटक्या ओठाचं निपजतं. सासूनं, सारजाबाईनं, तिच्या हातातली आरी हिसकली. काड्या नुसत्याच पानांच्या बगलेत खोचल्या. लांबून बघणाऱ्याला टोचल्यासारख्याच.

सुरी खोडाला टेकली.

"सायेब, त्या दिशी गिराण व्हतं."

साहेबांनी मान वर केली. आणि हसले. त्यांना हसताना बायांनी कधी पाहिलं नव्हतं.

"मग ते रोगालाच लागलं म्हणायचं, चिंगे."

बाया हसल्या. सारजाबाई सगळ्यांत मोठ्यानं. साहेबांनी खोडावरून हात फिरवला. इतक्या वर्षांनी उभं राहिलेलं. चिरायला हात धजेना.

सुरी मिटली.

पुढच्या पावसाळ्यात पहिलं बी मानानं चिंगीच्या वाडीला मिळालं. नाचणीच्या उतारावर वाडीनं नाचणी सोडून तोच मका धरला. मूठ भरून चिंगी नुसती उभी राहिली.

"पेर गुमान," सासू म्हणाली. "तितं उभं ऱ्हायलं, हितं बी ऱ्हाईल."

भादव्यात, कणसं भरायच्या आत, सगळा उतार झोपला. खोड दाबलं की बोट आत जाई. साहेब केव्हाच बढतीवर गेले होते. घराघरातली नाचणीची मडकी पालथी पडली.

चिंगी बांधावर बसली. दूध आटलेलं. मांडीवरची पोर रडून रडून दमली होती. आता नुसती तोंड हलवत होती.

ओठ अखंड होते.