अर्धा चोपलेला कोबा

बायकांनी हातातली लाकडी चोपणी जिथल्या तिथं टाकली, पदर नाकाला लावले आणि पडेगावच्या वाटेला लागल्या. एकीनंही मागं वळून बघितलं नाही. आपल्या शहरातल्या घरात उंदीर मरून पडले, हे साळूबाईंनी त्यांना सांगितलं नव्हतं. बांधावरून जाणाऱ्या कुण्या मेल्यानं ते ओरडून सांगितलं.

"जावा, जावा! तुमच्याबिगर माझा कोबा काय हवेत राहतोय?" साळूबाई कडाडल्या.

प्लेगापायी बागेत उभारायला घेतलेल्या खोपटाखालचा चुन्याचा कोबा तो. बायका एका ओळीत बसणार, एका ठेक्यात चोपत मागं मागं सरकणार, तेव्हा कुठं तो एकसारखा बसतो. इथं ओळ मधीच मोडली. अलीकडचा भाग दबून दगडासारखा झालेला, पलीकडचा फुगलेला, मऊ.

हबीब मिस्त्री तेवढा थांबला. ज्याच्यासाठी भ्यावं असं त्याच्या घरात प्लेगानं कुणी ठेवलंच नव्हतं. त्यानं कोब्यावर लांब फळी आडवी ठेवली. फळीखालून उजेड दिसला.

"नाय जमायचं, मालकीण. भिंतीचा पत्रा वरच्या अंगाला टेकला की खालच्या अंगाला बोटभर फट राहते. उंदीर नाचत आत येईल."

"मग चोपू. दिवस मावळायच्या आत."

"तुम्ही? ह्या हातांनी?"

"मग हे हात काय जपमाळ ओढायलाच दिलेत व्हय देवानं? पाणी मार!"

चुना आवळायला लागला होता. हबीबनं त्यावर गुळाचं पाणी शिंपडलं. साळूबाईंनी काष्टा खोचला आणि चोपणं उचललं. त्यांचा लेक सांडू पत्रे आणायला गाडी घेऊन गेलेला. लिंबाला टांगलेल्या झोळीत त्याची तान्ही पोर निजली होती. तिला आज त्या घरात न्यायचं नाय, उघड्या मातीवर निजवायचं नाय. साळूबाईंच्या डोक्यात दुसरं काही शिरतच नव्हतं.

"वच्छला! सूनबाई! अक्षता घेऊन बोलवायला येऊ का?"

वच्छला आली. पार पलीकडच्या कोपऱ्यात बसली आणि डाव्या हातानं चोपू लागली. चोपणं कसलं, लेकराला थोपटावं तसं ते. चुना जागचा हलेना.

"अगं ए जहागीरदारीण, उजवा हात काय माहेरी ठेवून आलीस?"

उजवा हात अंगापासून लांब धरून ती तशीच चोपत राहिली.

"उचल म्हणते ना हात!"

तिनं उचलायला घेतला. खांद्यापर्यंतही गेला नाही. तोंडातून आवाज फुटू नये म्हणून तिनं पदर दातात धरला.

साळूबाई चोपणं टाकून उठल्या.

"जवळ येऊ नका, आत्याबाई," वच्छला म्हणाली. "सकाळपासनं काखेत गाठ हाय."

हबीबनं तोंड फिरवलं. साळूबाई मधीच, ओल्या चुन्यात पाय रुतवून उभ्या राहिल्या.

"मला सांगायचं नाय व्हय गं?"

"सांगितलं असतं तर मिस्त्री बी गेला असता. मग पोरीला कुठं निजवलं असतं?"

साळूबाई आपल्या जागी परत आल्या. चोपणं उचलून मारत सुटल्या. ना ठेका, ना ओळ, ठोक्यावर ठोका.

झोळी हलली. पोर जागी झाली आणि भुकेनं रडू लागली.

दोघीही एकदमच उठल्या.

मग वच्छला खाली बसली.